छपरावरची रात्र

उत्तरेकडच्या त्या सोन्याच्या गावात उन्हाळ्यात सूर्य मावळायचं नावच घेत नसे, आणि दोमेनिकाचा त्याच्यावर भारी राग. तिचा नवरा बातिस्ता हिवाळाभर खारवलेलं मांस आणि घेवडा खाऊन खाण खणत राहिला. आता हिरड्यांतून रक्त येई, पाय सुजून तो अंथरुणाला खिळला होता. हिरवा पाला किंवा लिंबू पोटात गेलं नाही तर माणूस हातचा जाईल, असं सांगून डॉक्टर मोकळा झाला. लिंबं आणणारी आगबोट नदीत कुठेतरी वाळूत रुतली होती.

जमिनीखाली बर्फ, म्हणून दोमेनिकाने खोपटाच्या मातीच्या छपरावरच पालक पेरला. तिथे निदान चुलीची ऊब होती. पण चार पानं धरतात न धरतात तोच पालक तुऱ्यावर आला. मूठभर कडवट पानं निघाली. ती नवऱ्याला भरवून दोमेनिका पोटभर रडली.

"हा मेला सूर्य!" बातिस्ता डोळ्यांवर टोपी ओढत कण्हला. "गावाकडे कसं, अंधार पडला की माणसं झोपायची, गुरं झोपायची, मळासुद्धा झोपायचा."

दोमेनिकाच्या डोक्यात लख्ख पडलं: पालकाला रात्रच मिळत नव्हती, म्हणून तो घाईने तुऱ्यावर आला.

तिने पुन्हा पेरलं. आता रोज संध्याकाळी ती माहेरची काळी घोंगडी काठ्यांवर ताणून वाफा झाकी, सकाळी ती काढून घेई.

"काय गं, छपराला निजवतेस?" शेजारचा मॅक्रे ओरडे. "अंगाईपण म्हण की!"

"म्हणते ना! तुझं घोरणं थांबू दे आधी!"

पालक या खेपेला गुमान वाढला. दाटी कमी करायला उपटलेल्या रोपांची पानं ती बातिस्ताला रोज चारी. तो मात्र भिंतीकडे तोंड करून पडलेला.

एकदा दिवसभर खाणवाल्यांचे कपडे धुऊन ती जरा टेकली आणि तिथेच झोपली. दचकून उठली तर बाहेर मध्यरात्रीचं ऊन. घोंगडी घालायची राहिली! आणि अंथरूण रिकामं.

ती बाहेर धावली. शिडी भिंतीला लावलेली, वाफा नीट झाकलेला, आणि बाजूला सुजलेले पाय खाली सोडून बातिस्ता पान चघळत बसलेला.

"अरे देवा! चढलास कसा? हाक तरी मारायचीस!"

त्याने ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोल. आत्ताच निजलाय." मग ओशाळून हसला. "तुझीही झोप मोडवेना. पण आता शिडी धर बाई, चढलो खरा, उतरता येईना."