सॅम्युएल साळवीचा दगड

यूपीएस टुंग करून वाजला आणि दुपारच्या निजलेल्या घरात चैताली दचकली. गुरुवार, नेहमीसारखी वीज गेली. तिनं आधी पाहिलं ते पलंगाकडे. चार वर्षांची पायल कुशीवर वळली आणि पुन्हा झोपली. बॅटरी वीसेक मिनिटं तग धरायची. तेवढ्यात उरलेला एकच फोटो पुरा करायचा होता.

पायलच्या वेळी कंपनी सुटली, त्यानंतरचं हे पहिलंच काम. अमेरिकेतल्या कुणाच्या तरी भुताखेतांच्या कॅलेंडरसाठी जुन्या थडग्यांचे बारा फोटो. पसंत पडले तर घरबसल्या कायमचं काम मिळणार होतं. रविवारी ती लष्कराकडच्या जुन्या ख्रिस्ती दफनभूमीत गेली तेव्हा मात्र कोवळं ऊन पडलं होतं, वाटेवर बुचाची फुलं होती आणि एक मांजर थडग्यावर बसून निवांत अंग चाटत होतं.

"फोटो सुंदर आलेत, हाच तर घोटाळा आहे," हे काम मिळवून देणारा जुन्या कंपनीतला आमोद फोनवर म्हणाला होता. "घाबरायला व्हायला हवं. तुझे बघून डबा घेऊन सहलीला जावंसं वाटतं. धुकं घाल. कावळा बसव एखादा."

"कावळा? आपल्याकडे तो येत नाही म्हणून माणसं रडकुंडीला येतात."

"ते त्यांना नको सांगूस. आणि नावं पुसायची हं सगळी. उद्या नातेवाइकांची कटकट नको."

अकरा दगडांवरची नावं तिनं पुसलीही. बाराव्याशी हात अडला. तो तिच्या वडिलांनी, दादांनी, घडवलेला होता.

कसबा पेठेत रामदासदादांचं दुकान म्हणजे दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्यानं रस्त्यावर थांबायचं. दादांना इंग्रजी वाचता येत नसे. कागदावरचं अक्षर ते चित्रासारखं उतरवून घ्यायचे, छिन्नीनं कोरायचे, त्यात काळं शिसं भरायचे. मग शाळेतून आलेल्या चैतालीला हाक. "ये गं, मोठ्यानं वाच. नाव चुकलं तर माणूसच हरवला." दप्तर पाठीवर तसंच ठेवून ती एकेका अक्षरावरून बोट फिरवायची. बोट पांढरं व्हायचं.

हा दगड तिनं आठव्या वर्षी वाचला होता. सॅम्युएल साळवी, वय वर्षे पाच. वाचून मान वर केली तर दारात एक बाई उभी. पदर तोंडाशी धरलेला. "आणखी एकदा वाच, बाळ," ती म्हणाली. चैतालीनं वाचलं. बाईनं पुन्हा वाचायला सांगितलं. दादा छिन्न्या पुसत राहिले.

पुढे कॉम्प्युटरवर कोरलेल्या ग्रॅनाइटच्या पाट्या आल्या, तासाभरात तयार. "झकास काम आहे," दादा म्हणायचे, "फक्त हात कुणाचा ते कळत नाही." त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. त्यांच्या स्वतःच्या नावाचा दगड कुठेच नव्हता. जे होतं ते हे, दुसऱ्यांच्या नावांत.

यूपीएस घाईघाईनं वाजू लागला. चैतालीनं आभाळ काळवंडवलं, दगडाच्या पायाशी धुकं सोडलं. मग फोटोतल्याच बाजूच्या कोऱ्या दगडाचा तुकडा माऊसनं उचलून अक्षरांवर दाबत गेली. शेवटाकडून. वयाचे आकडे गेले. आडनाव गेलं.

"कुणाचं नाव आहे ते?" पायल केव्हा उठून मागे उभी राहिली होती कोण जाणे.

"एका मुलाचं. सॅम्युएल."

"मग पुसतेस का?"

"लोकांना भीती वाटायला हवी ना, म्हणून."

"नाव असलं की नाही वाटत?"

"नाही गं. नाव असलं की नाही वाटत."

पायल खुर्चीवर चढून आईच्या मांडीत शिरली. बोलता बोलता पुसून एकच अक्षर उरलं होतं, पहिलं. त्यावर पायलनं बोट ठेवलं.

"मग त्याची आई आली, की तिला कसं कळणार, यातला आपला कुठला?"