सात नंबर मोजला जात नाही

त्या रविवारी सकाळी आमच्या टेबलावर रिमोटवर चालणाऱ्या दोन छोट्या गाड्या होत्या, एक धावायची आणि एक राखीव. शिवाय चार बॅटऱ्या, टायरचे बारा संच, तेलाच्या अकरा बाटल्या, बावीस हत्यारं, एक थर्मास आणि दालचिनीचे तीन बन. टेबल एकशे ऐंशी सेंटिमीटर लांब. त्यातले वीस सेंटिमीटर माझे, रिमोट ठेवण्यापुरते. बाकी सगळं बाबाचं.

फालुन गावच्या या हॉलमध्ये मी नऊ वर्षांची असल्यापासून येते आहे. चौदा हिवाळे झाले. गाडी मी चालवते, बांधतो बाबा. हिवाळी मालिकेची ही शेवटची शर्यत होती. एकूण गुणांत पहिले तीन जण जुलैत पोर्तुगालला युरोपच्या स्पर्धेला जाणार होते आणि मी दुसरी होते. सातवी आले असते तरी पुरलं असतं.

आणि दूर उत्तरेतल्या आबिस्कोच्या संशोधन केंद्राचं पत्र माझ्या फोनमध्ये नऊ दिवस पडून होतं. जून ते सप्टेंबर, वितळणाऱ्या दलदलीतून निघणारा वायू मोजायचा. भौतिकशास्त्र शिकले ते अशाच कामासाठी. उत्तर उद्या दुपारी बाराच्या आत द्यायचं होतं.

बाबाला सांगायचा प्रयत्न मी चार वेळा केला होता. दर वेळी माझं वाक्य "बाबा, उन्हाळ्यात..." इथवर पोचायचं आणि तो म्हणायचा, "हो, उन्हाळ्यात टायर मऊ चालणार नाहीत. बघतो मी."

आई म्हणाली होती, "मी नाही हं सांगणार. तुझं तू बघ."

मुद्दाम हरावं, हेही मनात येऊन गेलं होतं. पण बाबा दर शर्यतीनंतर एकेका फेरीची वेळ घेऊन बसतो. कुठल्या वळणावर माझं बोट अडखळलं ते त्याला आकड्यांवरून कळतं. त्याच्यापुढे मला खोटं चालवता येत नाही.

"काय गं तुवा, सनक्रीम घेतलंस का?" यालमारने विचारलं. तो पोस्टमन, वय एकसष्ट, गुणांत पहिला. "तुझ्या बापाने तिथे कॅरॅव्हॅनची जागासुद्धा धरलीय. विजेच्या खांबाजवळची हवी म्हणे, बॅटऱ्या चार्ज करायला. समुद्र दिसतो का, ते विचारलंच नाही पठ्ठ्याने!"

"समुद्र काय करायचाय?" बाबा मान वर न करता म्हणाला. "वाळू जाते बेअरिंगमध्ये."

मी हसले. मग बाबाने धावायची गाडी बाजूला सारली आणि राखीव पुढे ओढली.

"फायनलला ही लावतोय."

"सकाळची बरी होती की."

"ट्रॅकचं कार्पेट चिकट झालंय आता. तुला वरून नाही कळत ते."

चालकांचा मंच सहा मीटर लांब. त्यावर आम्ही दहा जण खांद्याला खांदा लावून उभे राहतो, आणि शर्यत संपेपर्यंत कुणी खाली उतरायचं नाही. माझ्या डावीकडे यालमार होता, उजवीकडे भिंत.

शर्यत पाच मिनिटांची; वेळ संपली तरी चालू फेरी पुरी करायची. प्रत्येक गाडीत बोटाएवढी चिप असते. रेषेवर कार्पेटखाली तार आहे, तिच्यावरून चिप गेली की टेबलावरचं यंत्र एकदा वाजतं आणि फेरी मोजली जाते. पहिल्या फेरीच्या गर्दीत कळलं नाही; दुसऱ्या फेरीला मी रेषा ओलांडली आणि आवाज आला नाही.

"सात नंबर मोजला जात नाही," गुन्वोर माइकवर म्हणाली. गेली वीस वर्षं वेळा तीच घेते. "तुवा, चिप नाहीये तुझ्यात. आत ये."

आमच्याकडे चिप एकच आहे. गाडी बदलली की एकीतून काढून दुसरीत बसवायची. ते काम बाबाचं, आणि तो कधीच विसरत नाही. मी खाली पाहिलं. तो मंचाखाली उभा होता, दोन बोटांत चिप धरून.

"आत घे! वीस सेकंदात बसवतो! तुवा!"

वीस सेकंद म्हणजे दोन फेऱ्या, आत-बाहेर धरून तीन, न मोजलेल्या दोन धरून पाच. शेवटच्या तिघांना तरीही गाठता आलं असतं. आत, गाडी थांबवायच्या जागेकडे, यायची वाट डावीकडे होती. मी सरळ गेले.

"अगं बोलावतायत तुला," यालमार पुटपुटला.

मी पुढच्या वळणावर आतून त्याच्या पुढे गेले. गुन्वोरने आणखी दोनदा सांगितलं, मग सोडून दिलं. बाबाही ओरडायचा थांबला. मी एकदाही भिंतीला घासले नाही.

शर्यत संपली की चालकांनी वळणांवर उभं राहायचं आणि पुढच्या शर्यतीतल्या उलटलेल्या गाड्या सरळ करायच्या, असा नियम आहे. नाही गेलं तर निकाल रद्द. माझा निकाल शून्य होता, तरी मी गेले. चौथं वळण आमच्या टेबलापासून लांब पडतं. पाच मिनिटं मी तिथे अडकून बाबाकडे बघत होते. तो खुर्चीत पाठमोरा बसला होता. मी सात गाड्या सरळ केल्या.

टेबलाशी आले तेव्हा गुन्वोरने निकालाचा कागद आणून ठेवला होता. पहिला यालमार, सव्वीस फेऱ्या, पाच मिनिटे ५.८ सेकंद. दहावी मी. एकूण गुणांत चौथी.

"चूक माझी," बाबा म्हणाला. "चौदा वर्षांत एकदाही नाही झालं असं. मीच तुझा जुलै घालवला. त्या गोंगाटात तुला ऐकू तरी कसं येणार!"

एवढ्यावर थांबता आलं असतं. तो जन्मभर स्वतःलाच बोल लावत राहिला असता, आणि मी आबिस्कोला गेले असते.

"ऐकू आलं होतं, बाबा."

"काय?"

"तुझंही आणि गुन्वोरचंही. मीच आत आले नाही." मग न थांबता मी पत्राचं सांगितलं. जून, सप्टेंबर, नऊ दिवस पडून, उद्या दुपारी बारा.

त्याने थर्मासचं झाकण उघडलं, परत लावलं.

"नऊ दिवस?"

"नऊ."

"आणि मी टायरचं बोलत होतो."

"हो."

मग त्याने खिशातून आपलं नेहमीचं स्टॉपवॉच काढलं, त्यावरच्या नोंदी एकेक करून पुढे सरकवल्या, पेन्सिल घेतली आणि निकालाच्या कागदावर माझ्या नावापुढच्या शून्याशेजारी लिहिलं: २६ फेऱ्या, ५ मिनिटे ४.२ सेकंद.