दगडी राक्षसाचा गुडघा

दिवसभर दवाखान्यात लोकांचे गुडघे वाकवून, सरळ करून फिजिओबाई घरी आल्या, की त्यांना कुणा माणसाचं तोंडही बघू नये असं वाटे. म्हणून एका संध्याकाळी त्यांनी माळ्यावरून जुना व्हिडिओ गेम काढला. कॉलेजात असताना या गेमपायी त्या तहानभूक विसरत. धुक्यातलं बेट, पडके मनोरे, भुयारं. नुसतं भटकायचं आणि बंद दारं उघडायची. कुणी कण्हत नाही, कुणी रिपोर्ट दाखवत नाही.

पहिल्या दारापुढे एक दगडी राक्षस बसलेला असे. शिंग फुंकलं की तो गर्जना करत उठे, मग त्याच्या पायांमधून धूम ठोकायची. बाईंना सगळं तोंडपाठ होतं. त्यांनी शिंग फुंकलं.

राक्षस ढिम्म. परत फुंकलं. त्याने एक डोळा उघडला आणि पडद्यावर अक्षरं उमटली, "ऐकू आलं. पण उठवत नाही. उजवा गुडघा धरलाय."

"अरे, हा पूर्वी असं म्हणत नव्हता!" बाई नवऱ्याला म्हणाल्या.

नवरा मागे शर्टाला इस्त्री करत होता. "पूर्वी म्हणजे किती वर्षं झाली! तेव्हापासून एकाच जागी बसलाय बिचारा."

बाईंनी तेव्हाच गेम बंद करायला हवा होता. पण त्यांच्या तोंडून निसटून गेलं, "जिना चढताना दुखतो की उतरताना?"

"इथे जिना आहे कुठे?" राक्षस म्हणाला. "बसल्याबसल्याच ठणकतो."

झालं. बाईंनी टीव्हीपुढे खुर्ची ओढली आणि स्वतः बसून दाखवलं. "मांडी आवळा. पाय सरळ उचला. श्वास रोखायचा नाही."

राक्षसाने पाय उचलला, तशी झाडं उन्मळली, एक मनोरा कोसळला.

"सावकाश!" बाई ओरडल्या.

"खुर्ची जरा मागे घे," नवरा म्हणाला. "त्याला तुझी पावलं दिसत नसतील."

दुसऱ्या दिवशी दारापुढे रांग. पाणचेटकिणीचा खांदा निखळल्यासारखा झालेला, दोन डोक्यांच्या गिधाडाच्या मानेत उसण, तीही दोन्ही मानांत. अंगावर कुणीच धावून येईना.

"मी इथे विसाव्याला येते हो!" बाई कळवळून म्हणाल्या.

"मग आधी माझं बघा," पाणचेटकीण म्हणाली, "म्हणजे लवकर मोकळ्या व्हाल."

असे काही आठवडे गेले आणि एका संध्याकाळी राक्षस आपणहून उठला. दार सताड उघडं पडलं. पण त्याने गर्जना केली नाही. पाय टेकून पाहिला आणि नकाशात वाटच नव्हती अशा बाजूला चालू लागला.

"अहो, कुठे निघालात?"

"समुद्र बघायला. इतकी वर्षं नुसता आवाज ऐकतोय."

बाईंनी दाराकडे पाहिलं. आतला खजिना त्यांना पाठ होता. "एकटे नका जाऊ, वाळूत पाय मुरगळेल," म्हणत त्या मागोमाग निघाल्या. त्यांच्यामागे सगळी रांग.

गेम बनवणाऱ्यांनी समुद्र अर्धवटच सोडला होता. लाट नाही, फेस नाही, आभाळापर्यंत सपाट निळा रंग. राक्षस कितीतरी वेळ बघत राहिला.

"छान आहे," तो म्हणाला. "मला वाटलं होतं, हलत असेल."

बाईंनी खुर्ची टीव्हीजवळ ओढली. नवराही शेजारी येऊन बसला.

"आत जाऊ का, बाई?" राक्षसाने विचारलं.

"घोट्यापर्यंतच," बाई म्हणाल्या.