दुसरा सूट

सकाळी मेकअपच्या खोलीत शिरताच तिचं लक्ष खुंटीकडे गेलं. तिथे तिच्या मापाचे दोन सूट टांगले होते. या मालिकेत ज्याला मरायचं असे, त्याचा सूट दोनदा शिवला जाई: एक अंगात घालायला, एक जाळायला. शिंपीमास्तर तिची नजर चुकवत उगीच टाचण्या वेचत बसले.

तीन वर्षं ती अंतराळयानावरची मेकॅनिक होती. भागाला एकच वाक्य वाट्याला यायचं, "दाब ठीक आहे." पण त्या एका वाक्यावर घर चालत होतं. चार वर्षांची लेक तर टीव्हीसमोर बसून ते आईच्या आधी म्हणायची. आई यानातून कधी येणार, याला सासूबाईंचं ठरलेलं उत्तर होतं: जेवायच्या वेळेला.

तिने लेखकाला गाठलं. तो ओशाळला. आग लागल्यावर कॅप्टन दार लावणार, म्हणाला, आणि दार उघडतं फक्त आतून; बाहेरची गेलीच म्हणायची.

सेटवर धूर सोडला, लाल दिवे लागले. कॅप्टनने डोळे मिटून खटका ओढला, दार धाडकन लागलं. आता तिने काचेवर हात टेकून कोसळायचं होतं. हात टेकता टेकता दाराच्या कडेचं चाक दिसलं, धुळीने माखलेलं. दुसऱ्याच भागात तिने ते फिरवून दार उघडलं होतं. बाहेरून. लेखक साफ विसरला होता.

तिने चाक धरलं. हलेना. आता 'कट' ऐकू येणार म्हणून जीव मुठीत. तिने सगळा भार टाकला. चाक करकरलं, दार हातभर सरकलं आणि आतून कॅप्टनने तिचं मनगट पकडलं.

दिग्दर्शक तावातावाने उठला. कुणाला विचारून केलं हे, तिला घरी बसायचंय का, असं बरंच बोलला. कंटिन्युइटी, म्हणजे आधीच्या भागांशी मेळ, सांभाळणारी मुलगी शांतपणे वही चाळत होती.

"सर, भाग दुसरा. हिने दार बाहेरून उघडलंय. लोकांनी पाहिलंय."

दिग्दर्शकाने लेखकाकडे पाहिलं, लेखकाने चाकाकडे.

"ओढ तिला आत," दिग्दर्शक कॅप्टनला म्हणाला. "आणि बाई, आत आलात की तुमचं वाक्य घ्या."

पुन्हा दार सरकलं. ती आत कोसळली, तोंड उघडलं, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा तिला ते आठवेना. मनगट न सोडता कॅप्टन कानाशी पुटपुटला,

"दाब ठीक आहे."