जैसलमेरचे पाच दिवस

"चार-चार स्वेटर! जैसलमेरले जाऊन राहिल्या की काश्मीरले?" बॅगेवर गुडघा देऊन चेन ओढताना रीना पुटपुटली.

रुक्मा हातभर अंतरावर मटार सोलत बसली होती. दुर्गजवळच्या चरोद्यातल्या त्या रेल्वे क्वार्टरमध्ये सुनेला सासूपासून लपून पुटपुटायलाही जागा नव्हती. राग यायला हवा होता, पण आला नाही. जूनमध्ये तिचे यजमान जानराव वारले तेव्हापासून सगळं असंच, इंजेक्शन दिलेल्या दाढेनं जेवल्यासारखं. चावलं जातं, चव कळत नाही.

"वाळवंटात थंडी पडते म्हनते," ती एवढंच बोलली.

"पडते ना!" नागपूरहून आलेली लेक करिष्मा मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली. सोबत तीच जाणार होती. "ऐक आई, पहिल्या दिवशी किल्ला. त्या किल्ल्यात अजून बी लोकं राहते, घरंदारं करून."

"त्याईले कोनी खाली करा म्हनत नाही?"

रीनानं लागलेली चेन उगाच पुन्हा उघडली.

वर्षाअखेर क्वार्टर सोडायचं होतं. हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून तर महिनाभर घरात फक्त राजस्थानची चर्चा चालू होती. जानराव मालगाडीचे गार्ड. दर हिवाळ्यात म्हणायचे, "औंदा जैसलमेर." दर हिवाळ्यात धुकं पडायचं, गाड्या रखडायच्या आणि सुट्टी नामंजूर व्हायची.

तेवढ्यात रीनाचा नवरा अमरदीप आला, प्लांटमधली फर्स्ट शिफ्ट संपवून, दुर्गकडच्या रिसालीतल्या आपल्या घरी न जाता थेट. हातात हेल्मेट, खिशात आईचा रेल्वेचा पास. "दुसऱ्या दिवशी तलाव, बोटिंग," दारातूनच त्यानं सुरू केलं. "तिसऱ्या दिवशी उंट, रेतीचे पहाड, शेकोटी, नाच."

"नाच कोन करन, मी?"

"तू पाहाजो ना, आई!" सगळे जरा जास्तच हसले.

"पास दाखव."

रेल्वेवाल्याची बायको माणसाच्या तोंडाआधी पास वाचते. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी जाताना रुक्माला धसका होता, हा माणूस आपल्याला वरूडला सोडून विसरला तर? तेव्हापासून छत्तीस वर्षं, पास हातात आला की ती आधी परतीचं स्टेशन शोधायची. आजही तिथंच बोट ठेवलं. दुर्ग ते जैसलमेर. पुढं काहीच नाही.

"बाबू, एकतर्फी काहून काढला?"

"वापसीचा बाद में निकालेंगे, आई. साइट चालून नाही राहिली."

"जायाचा निघाला तवा चालत होती?"

यार्डात डबे एकमेकांवर आदळले. एरवी मांडणीवरची भांडी किणकिणायची. आज मांडणी रिकामी होती, भांडी कधीच पोत्यात गेली होती.

"चौथ्या दिवशी हवेल्या पाहाच्या," करिष्मा घाईघाईनं म्हणाली, "आनि रात्री कठपुतळीचा खेळ. पाचव्या दिवशी बाजार. तुले तिथली रजई घेऊ, एकदम हलकी राहते..."

"सहाव्या दिवसाचं सांग." रुक्माचा आवाज चढला नाही. मटाराची शेंग किडकी निघाली, ती तिनं बाजूला ठेवली. "गाडीतून उतरून मी कोनत्या घरी जाऊ?"

करिष्मानं भावाकडे पाहिलं. अमरदीप हेल्मेटची काच वर-खाली करत राहिला. वर. खाली.

"बोलत काहून नाही कोनी?"

रीना बॅगेवरून उठली. पदराला हात पुसत सासूसमोर खाली बसली. तिनं नजर खाली घातली नाही.

"दोन महिन्यांपासून वापसीचं स्टेशन ठरून नाही राहिलं, आई. हे म्हनते नागपूर, ताई म्हनते दुर्ग. तुमाले ठेवाले कोनीच तयार नाही. मी बी नाही."