कूलंट वाढलं

सकाळी बाबांनी गाडी चालू केली की मागून पांढरा धूर निघतो, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. त्याला गोड वास असतो, हे मात्र मला एकटीला माहीत होतं. कारण त्या वेळी पिल्लूला कडेवर घेऊन, गाडीच्या मागे उभं राहून, आजोबांना टाटा करायला लावण्याचं काम माझ्याकडे होतं.

“थंडी आहे,” बाबा म्हणाले. बाबा म्हणजे माझे सासरे. “तुझ्या तोंडातूनही वाफ निघतेय बघ.”

“माझी विरते, बाबा. हा फाटकापर्यंत जाऊन तिथेच घुटमळतो. आणि साखर करपल्यासारखा वास येतो.”

“मग चांगलंच आहे की! लोकांच्या गाड्या घाण वास सोडतात.”

बाबांपुढे त्यांच्या डिझेल गाडीबद्दल काही बोलणं म्हणजे कुणाच्या पोराला नावं ठेवणं. मीही एका पोरीची आई, त्यामुळे मला ते कळत होतं. पण आई असल्यामुळेच गप्पही बसवत नव्हतं. आठवड्याच्या शेवटी माझ्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, घाटापलीकडे. तिला माझ्याशिवाय कोणी नाही. पिल्लू अजून अंगावर पिते, म्हणजे तीही बरोबर येणार. आणि घाटात गाडी तापून बंद पडली तर? एका बाजूला दरी, दुसऱ्या बाजूला डोंगर आणि मधे मी, डायपरची पिशवी घेऊन. डोळे मिटले की मला हे चित्र दिसायचं. नवरा म्हणतो, मला ते उघड्या डोळ्यांनीही दिसतं.

म्हणून मी वाचून काढलं. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त जातंय, निळा म्हणजे ऑइल जळतंय. आणि इंजिन गरम झालं तरी न थांबणारा पांढरा, गोडसर धूर म्हणजे इंजिन थंड ठेवणारं कूलंट कुठून तरी आत शिरून जळतंय. तसं असेल तर टाकीतली पातळी उतरायलाच हवी. संध्याकाळी गाडी गार झाल्यावर मी बॉनेट उघडलं आणि टाकीवर नेलपॉलिशने पातळीची रेघ मारली. दुसऱ्या दिवशी बाबा लांब चक्कर मारून आले. गाडी पुन्हा गार झाल्यावर मी डोकावले.

पातळी रेघेच्या वर होती.

आधी मी माझ्या डोळ्यांवर संशय घेतला, मग नेलपॉलिशवर. बाबांनी मात्र अंगण डोक्यावर घेतलं. “गळतंय म्हणे! अगं, माझी गाडी कूलंट तयार करते!”

पण रंग? काल हिरवट होतं. आज त्या रंगाला नावच नव्हतं, जुन्या मुक्या मारासारखं काहीतरी. साध्या शिंकेसाठी सुट्टीच्या दिवशी डॉक्टरांना फोन लावणारी बाई मी. दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजमध्ये नेलीच. माझी खोड मोडलेली बघायला बाबा आले, बाबांना आवरायला नवरा आला, आणि पिल्लूला धरायला सासूबाई.

मेकॅनिक अतिशय हळू आवाजात बोलायचा, नातेवाइकांना बाजूला घेऊन सांगावं तसा. “कधीपासून आहे हे? कूलंट किती कमी होतं?”

“कमी नाही होत,” मी म्हणाले. “वाढतं.”

“वाढतं.” त्याने बॉनेट बंद केलं, पुन्हा उघडलं. बहुधा दुसऱ्यांदा बघून काही फरक पडेल असं त्याला वाटलं असावं. मग टाकीत बोट बुडवून उजेडात धरलं. “यात हिरवं आहे, गुलाबी आहे आणि साधं पाणीही आहे. कोण कोण ओततं?”

“कोणीच नाही,” तिघं एकदम म्हणाले.

“हिरवं कोणाचं?”

बाबा खिडकीबाहेर बघू लागले. गॅरेजला खिडकी नव्हती. “बाटलीच्या तळाशी थोडं उरलं होतं. वाया कशाला घालवायचं?”

“रोज उरतं?” सासूबाईंनी विचारलं.

“गुलाबी माझं,” नवरा बुटांकडे बघत म्हणाला. “बाबांना सांगितलं असतं तर ते भडकले असते. तुला सांगितलं असतं तर तू झोपली नसतीस.”

“मी तशीही झोपत नाही.”

“तेच म्हणतोय.”

“मग पाणी कोणाचं?” मी विचारलं.

“माझं,” सासूबाई बिनधास्त म्हणाल्या. “कुंड्यांना घालते तेव्हा तिलाही घालते मगभर. हे रोज झाकण उघडून उसासे टाकतात. मला बघवेना.”

बाबा थक्क झाले. “तुला बॉनेट उघडता येतं?”

“इतकी वर्षं शेजारी बसून काय नुसतं तुमचं तोंड बघत होते?”

थोडक्यात, गाडी घटाघटा पीत होती, हे घरातल्या प्रत्येकाला कळलं होतं आणि प्रत्येक जण दुसऱ्याच्या नकळत तिला पाजत होता. मला राग यायला हवा होता. उलट हायसं वाटलं. या घरात काळजी करणारी मी एकटीच आहे, असा माझा इतके दिवस समज होता.

मेकॅनिकने सगळं काढून एकाच रंगाचं भरलं आणि टाकीच्या तोंडाला दाब देणारा पंप बसवला. “आता कोणी दया दाखवायची नाही,” त्याने आम्हाला बजावलं. पंपाचा काटा हळूहळू उतरू लागला. म्हणजे कूलंट जात होतं. पण गाडीखालची फरशी कोरडी, पाइप कोरडे, आत पायांखालची मॅटही कोरडी.

“हेड गॅस्केट?” बाबांनी कुजबुजून विचारलं. हा शब्द त्यांना आधीपासून ठाऊक होता तर. इंजिनाचं डोकं आणि धड यांच्यामधलं ते सील गेलं, तर अख्खं इंजिन उघडावं लागतं. तो शब्द कोणाच्या तोंडून ऐकायला लागू नये, म्हणूनच त्यांनी गॅरेजची पायरी चढायचं टाळलं होतं.

मेकॅनिकने गाडी चालू करून टाकीत बराच वेळ पाहिलं. “बुडबुडे येत नाहीत. गॅस्केट नसावं.” गाडी बंद करून, थोडी निवल्यावर त्याने धुराच्या वाटेवरचा एक पाइप सोडवला आणि आत बोट घातलं. बोट ओलं आलं. “सापडलं. हा छोटा कूलर. थोडा धूर इंजिनात परत जातो, त्याला हा थंड करतो. याला आतून चीर गेलीय, कूलंट सरळ धुरात मिसळतंय. इंजिन ठणठणीत आहे.”

बाबा तिथल्याच एका टायरवर बसले.

“पार्ट मागवावा लागेल, उद्यापर्यंत नाही यायचा,” मेकॅनिक म्हणाला. “जायचंच असेल तर मोठा कॅन घ्या, वाटेत थांबत थांबत ओता. सवय आहेच सगळ्यांना.”

आम्हाला दुसऱ्याच दिवशी निघायचं होतं. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. नको म्हणायला मला क्षणही लागला नसता, पण गाडी बाबांची. त्यांनी हो म्हटल्यावर मी सगळ्यांसमोर नाही म्हणाले असते, तर ते कायमचं त्यांच्या मनात राहिलं असतं.

“बाबा, तुम्ही सांगा. पिल्लूला घेऊन घाट चढवाल हिला?”

बाबांनी उघड्या बॉनेटकडे बघितलं. मग सासूबाईंच्या खांद्यावरून आपल्याकडे बघून लाळ गाळणाऱ्या पिल्लूकडे.

“नाही,” ते म्हणाले. आणि उगाचच मेकॅनिकवर डाफरले, “कॅन काय घ्या? लहान मूल आहे बरोबर!”

शेजारच्या मास्तरांकडे छोटी पेट्रोल गाडी आहे. बाबा तिला शिलाई मशीन म्हणतात, मास्तरांच्या तोंडावर. त्या संध्याकाळी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून तिची किल्ली मागायला गेले. मास्तरांनी ती आनंदाने दिली, पण आधी धूर, वास आणि चीर यांची हकीकत पहिल्यापासून ऐकून घेतली. मग मास्तरीणबाईंना बोलावून पुन्हा ऐकवायला लावली.

सकाळी निघालो. घाट सुरू होताच बाबांनी गाडी कडेला घेतली. “बंद पडली वाटतं.”

“चालू आहे, बाबा,” नवरा म्हणाला.

“मग आवाज कुठाय?”

नेमकी हीच तक्रार पिल्लूचीही होती. जन्मल्यापासून ती गाडीत झोपली ती डिझेलच्या खडखडाटात. या गुपचूप गाडीत तिने धनुष्यासारखी पाठ ताणून टाहो फोडला. पाजलं, थोपटलं, खुळखुळा वाजवला, सासूबाईंनी माहीत होती तेवढी सगळी गाणी म्हटली. तिचा सूर चढतच गेला. तेवढ्यात पुढून, रस्त्यावरची नजर न हलवता, बाबांच्या घशातून आवाज आला.

“घर्र... घुडघुडघुडघुड...”

पिल्लू गप्प. बाबा थांबले, ती पुन्हा सुरू. बाबा सुरू, ती गप्प. नवऱ्याने तोंड खिडकीकडे फिरवलं, पण त्याचे खांदे हलत होते. उभ्या चढावर बाबांनी गिअर खाली टाकला, तसा आवाजही खाली आणला. पिल्लूचे डोळे मिटले.

“तुझ्या आईला फोन कर,” बाबा धापा टाकत म्हणाले. “वेळेत पोचतोय म्हणावं.” आणि एक दमदार श्वास घेऊन ते पुन्हा चालू झाले.