गुरुवारची रीडिंग्ज

आठवड्याची अख्खी शीट एका चहाच्या सुट्टीत भरून टाकायची, हे उत्कर्षाला रोहिदासकाकांनी शिकवलं होतं. खोटं कशाला बोला, चाकणच्या त्या कंपनीत निम्म्या मशिनांवर असंच चालायचं. दर तासाला एका तयार दांड्याची, म्हणजे शाफ्टची, जाडी मायक्रोमीटरने मोजायची आणि मिलिमीटरचा आकडा शीटवर लिहायचा, असा नियम. पण आपल्या शिफ्टचा माल रोज पास होतोय तर मोजत कोण बसणार? २४.९९, २४.९९ असं लिहीत सुटायचं, की झालं.

उत्कर्षा दिघीची. आकुर्डीच्या कॉलेजात डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. सोमवार-मंगळवार वर्गात, बाकीचे दिवस कंपनीत, गुरुवारी एमआयडीसीची सुट्टी. पाच शिकाऊंपैकी दोघांना कंपनी जूनपासून ठेवून घेणार होती आणि त्या दोघांत हिला यायचंच होतं. बाईसाहेबांनी घरी सांगूनसुद्धा टाकलं होतं की माझं पक्कं आहे. आता अशा मुलीला काय म्हणावं?

निवड व्हायची प्रोजेक्टवर. महिनाभराच्या मापांचा आलेख काढून मशीन कसं चालतंय ते सांगायचं. मार्क देणार लाइनचे साहेब बबनराव आणि कॉलेजच्या करिष्मा मॅडम. उत्कर्षाने शीटवरचे आकडे उतरवले, आलेख काढला आणि मंगळवारी मॅडमपुढे ठेवला. पट्टीने ओढावी तशी सरळ रेघ आली होती.

मॅडमनी आलेखावरच्या एका तारखेवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "चौदा तारखेला कोणता वार होता?"

"गुरुवार, मॅडम."

"मग मशीन चालवलं कोणी?"

शीटला आठवड्याचे सात रकाने, उत्कर्षाचा हात चालला तो चाललाच. कंपनीला कुलूप असताना ही बया आठ शाफ्ट मोजून मोकळी झाली होती. मॅडम ओरडल्या नाहीत. वही परत देत एवढंच म्हणाल्या, "दोन आठवडे आहेत. खरं मोजून आण. आणि आधीचे आकडे खोटे होते, हे पहिल्या पानावर लिही. नाहीतर मी सही करणार नाही."

बुधवारी तिने ते रोहिदासकाकांना सांगितलं. काका बीडकडचे, अठरा वर्षं त्याच मशीनवर. शिकाऊ पोरं त्यांच्याकडे द्यायची हे कंपनीत ठरलेलंच होतं आणि त्याचा त्यांना केवढा अभिमान.

"पहिल्या पानावर लिव्हणार? म्हंजे माझं नाव घालायलीस का?"

"नाव नाही घालत, काका. अक्षर माझंच आहे."

"अन् साहेब काय येडा हाय? कुणी शिकवलं ते कळंलच की त्याला." असं म्हणून ते वळले ते दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. चहाचा कपही वेगळा घेतला. उत्कर्षाला फार लागलं ते. मायक्रोमीटर कसा धरायचा इथपासून सगळं ज्यांनी दिलं, त्यांच्याच मुळावर आपण उठलोय असं तिला वाटत होतं. तरी ती मोजत राहिली.

आणि मोजल्यावर काय दिसावं? सकाळी २४.९९. दहाला २५.००. अकराच्या सुमारास २५.०१. आणखी एक शतांश वाढला की मापाची हद्दच आली. पण नाही, पुढचा शाफ्ट पुन्हा २४.९९. दुपारी परत तेच. रोज. चौथ्या दिवशी तिने मोजायचं सोडून काकांकडे बघितलं. अकरा वाजता ते थबकले, कान दिला आणि मशीनची दोन बटणं दाबली.

"काका, हे काय केलंत?"

काकांची शिकवायची सवय जागी झाली. "कापायच्या टूलची धार झिजती. झिजली की शाफ्ट जाड निघतो. आवाज बदलतो बघ. मग टूल शतांशभर आत घ्यायचं, म्हंजे जाडी दोन शतांशानं उतरती."

"हे दुसऱ्या शिफ्टला माहीत आहे?"

"कोनी इचारलं मला? शीट तर सरळच असती."

दुसऱ्या शिफ्टचा माल का परत येतो म्हणून वर्षभर मीटिंगा चालल्या होत्या. उत्तर इथे मशीनपाशी उभं होतं आणि ह्यांच्याच शीटने ते झाकून ठेवलं होतं. उत्कर्षाला हसावं की रडावं कळेना.

प्रोजेक्टच्या दिवशी बबनरावांनी पहिलं पान वाचलं आणि पुढचं उलटलंच नाही. गडी खेडचा, एरवी मोकळा, पण आवाज कोरडा झाला. "शीट अशी भराया कुणी शिकवलं तुला?"

"अक्षर माझं आहे, साहेब."

"अक्षर मला दिसतंय. शिकवलं कुणी?"

"भरली मीच, साहेब."

"सांगायचं न्हाई? बरं. मग निवडीतून नाव काढतो."

उत्कर्षाने मान डोलावली. घरी काय सांगायचं ते तिच्या मनात सुरूही झालं होतं. शिकवणारे म्हणून बोलावलेले रोहिदासकाका मागच्या खुर्चीवरून उठले. "तिला मी शिकवलं, साहेब. सवय माझी हाय. पण पुढची पानं बगा, ती खरी हायेत."

बबनरावांनी सगळी पानं बघितली. नंतर जे झालं ते असं: टूलची दुरुस्ती तिन्ही शिफ्टना लागू झाली. ठेवून घ्यायच्या दोघांत उत्कर्षाचं नाव आलं. आणि रोहिदासकाकांना मेमो मिळाला की यापुढे त्यांच्याकडे शिकाऊ द्यायचा नाही, त्यांनी कुणाला काही शिकवायचं नाही. घरी पेढे वाटले गेले. उत्कर्षाने आपला पेढा डब्यात परत ठेवला.

जूनमध्ये तिला काकांच्या शेजारचंच मशीन मिळालं, नवं, वेगळ्या मापाचं. पहिल्याच दिवशी अकराला शाफ्ट जाड निघायला लागला. तिने एकदा दुरुस्ती केली तर तो बारीक निघाला. दुसऱ्यांदा केली तर आणखी बिघडला. तिने काकांकडे बघितलं.

"मला शिकवायला मनाई हाय," काका तिच्याकडे न बघता म्हणाले. मग ते आपल्या मशीनपासून एक पाऊल बाजूला सरकले, तिला बटणं नीट दिसतील असे, आणि एरवी दोन सेकंदांत व्हायचं ते काम त्यांनी एकेक बटण सावकाश दाबत केलं.

मग स्क्रीनवरचं सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून केलं.